कुमारवयातील व्यसन : पहिले दहा दिवस डॉक्टरांच्या हाती

व्यसनात सापडलेल्या मुलाला खोलीत कोंडून किंवा मिळेल त्या केंद्रात सोडून व्यसन सुटत नाही. उलट पदार्थ एकाएकी तुटल्याने त्याच्या जिवावर बेतू शकते. वैद्यकीय देखरेखीखालील ‘डिटॉक्स’ म्हणजे नेमके काय, त्यात काय घडते आणि नवी मुंबईतील पालकांनी कोणती खबरदारी घ्यावी, याविषयी...

---

नवी मुंबईतील एखाद्या घरात ही गोष्ट बहुधा रात्रीच उघडकीस येते. आईवडील हार्बरच्या गाडीने उशिरा परतलेले असतात. मुलाने दिवसभर फ्लॅटची किल्ली गळ्यात अडकवून एकट्याने काढलेला असतो. दप्तरात, कपाटामागे किंवा गादीखाली काहीतरी सापडते. व्हाइटनरच्या रिकाम्या बाटल्या, खोकल्याचे औषध, गोळ्यांची पाकिटे किंवा कागदाची लहानशी पुडी. पहिला तास रडारड आणि मारझोडीत जातो. त्यानंतर निर्णय होतो : उद्यापासून बाहेर पाऊल टाकायचे नाही. मोबाइल काढून घेतला जातो आणि खोलीला बाहेरून कडी लागते.

काही घरांत दुसरा मार्ग निवडला जातो. कोणी ओळखीचा माणूस एखाद्या ‘केंद्रा’चे नाव सांगतो, गाडी येते आणि मुलाला घेऊन जाते. सोसायटीत ‘मामाकडे गेला आहे’ असे सांगितले जाते.

दोन्ही निर्णयांमागे माया आणि भीतीच असते. दोन्हींमध्ये एकच गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पदार्थ तोडला की व्यसन तुटते. शरीराला सवय लागलेला पदार्थ अचानक बंद झाल्यावर काय होईल, हे तो पदार्थ कोणता, किती दिवसांपासून आणि किती प्रमाणात घेतला जात होता, यावर ठरते. कोणाला चार रात्री झोप येत नाही, तर कोणाला आकडी येते. कोणाला कोणता धोका आहे हे ओळखणे वैद्यकाचे काम आहे, आणि तेथेच डिटॉक्सची सुरुवात होते.

डिटॉक्स म्हणजे काय?

डिटॉक्सिफिकेशनला मराठीत निर्विषीकरण म्हणता येईल. या शब्दामुळे अनेकांचा असा समज होतो की, सलाईन लावून रक्तातील विष धुऊन काढले जाते. वास्तविक शरीरातील पदार्थ यकृत आणि मूत्रपिंडे आपापल्या गतीने बाहेर टाकतच असतात. डॉक्टर सांभाळतात ते पदार्थ उतरत असताना शरीरात उठणारे वादळ.

मेंदू रोज येणाऱ्या पदार्थाशी जुळवून घेतो. दारूसारखा गुंगी आणणारा पदार्थ रोज येऊ लागला की मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल साधतो. दारू अचानक थांबली तर ती वाढलेली उत्तेजना तशीच मोकाट राहते. मग हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. या त्रासाला व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विरहलक्षणे म्हणतात, तर मुंबई-पुण्यातील व्यसनी मंडळी ‘टर्की’ म्हणतात. ही टर्की सुरक्षितपणे पार पाडणे म्हणजे डिटॉक्स. त्याला साधारणतः पाच ते दहा दिवस लागतात.

पदार्थ बदलला की धोकाही बदलतो

पालकांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असा हा भाग आहे.

दारू : शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ८ तासांत थरथर आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या ४८ तासांत आकडी येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, वेळ-काळाचे भान सुटते. डेलिरियम ट्रेमेन्स नावाची ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. कुमारवयात अशी तीव्र अवस्था प्रौढांइतकी आढळत नाही, कारण तेथवर पोहोचायला बहुधा काही वर्षांचे रोजचे पिणे लागते. परंतु सकाळी उठल्याबरोबर प्यावीशी वाटणाऱ्या किंवा पूर्वी आकडी येऊन गेलेल्या मुलाची दारू घरच्या घरी बंद करू नये. रुग्णालयात डायझेपामच्या गटातील औषधे देऊन त्यांची मात्रा रोज कमी केली जाते. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, दिले जाते. ‘अशक्तपणा आला आहे’ म्हणून नुसती ग्लुकोजची सलाईन लावणे येथे घातक ठरू शकते. थायमिनची तीव्र कमतरता असलेल्या शरीरात आधी ग्लुकोज गेले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो.

झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या : नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या रस्त्यावर ‘बटन’ या नावाने विकल्या जातात. त्या दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्यास दारूप्रमाणेच आकडी येऊ शकते. म्हणून त्या हळूहळू, कधी कित्येक आठवडे घेऊन कमी कराव्या लागतात. सापडलेली पाकिटे संतापाने कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यांवरील नाव आणि गोळ्यांची संख्या लिहून ठेवावी. डॉक्टरांना पहिल्या दिवशी तीच माहिती हवी असते.

गर्द आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध : गर्दची टर्की शेवटच्या सेवनानंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात ओसरते. नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, उलट्या, हाडे मोडल्यासारख्या वेदना असे तिचे स्वरूप असते. यात जीव जाण्याची शक्यता कमी असली, तरी उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडते आणि यातना असह्य होऊन मूल पळून जाते. बुप्रेनॉर्फिन किंवा क्लोनिडीनसारख्या औषधांनी हा त्रास बराच सुसह्य होतो. क्लोनिडीनने रक्तदाब उतरतो. त्यामुळे ते रक्तदाब मोजून, डॉक्टरांच्या हातूनच द्यावे लागते.

एमडी : मेफेड्रोन हा पदार्थ २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणला गेला. तो थांबवल्यावर शरीरापेक्षा मन कोसळते. मूल दोन-दोन दिवस झोपते, मग कमालीचे उदास होते. कधी संशयाने पछाडते. या काळात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. यावर उतारा म्हणावे असे औषध नाही. सतत नजर, शांत जागा आणि लक्षणांनुसार उपचार हाच मार्ग आहे. खोलीत एकटे कोंडून ठेवणे यात सर्वांत धोक्याचे.

गांजा : चिडचिड, निद्रानाश, भूक मंदावणे हा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होऊन दोनेक आठवडे टिकतो. त्यासाठी सहसा दाखल व्हावे लागत नाही. मात्र मुलाला भास होत असतील, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवत आहे असे वाटत असेल, तर तातडीने मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन : या पदार्थांसाठी ठरावीक डिटॉक्स औषध नाही. पण धोका मोठा आहे. हुंगल्यानंतर हृदयाचा ठोका अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो, आणि तो पहिल्यांदा हुंगणाऱ्यालाही येऊ शकतो. म्हणून मूल हुंगताना दिसले तर त्याच्यावर ओरडू नये, त्याच्यामागे धावू नये. घाबरल्याने किंवा पळण्याने हृदयावर अधिक ताण येतो. त्याला मोकळ्या हवेत शांतपणे बसवावे.

प्रत्यक्षात मुले यांपैकी दोन-तीन पदार्थ एकाच वेळी घेत असतात. त्यामुळे कोणती लक्षणे केव्हा उमटतील याचा अंदाज घरी बांधता येत नाही.

बातमीतले अमली पदार्थ आणि दप्तरातले

ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा शेवा बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडले गेले, तेव्हा त्याची सर्वत्र चर्चा झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘नशामुक्त नवी मुंबई’ मोहीम हाती घेतली. हे आवश्यकच आहे. पण शाळकरी मुलाच्या हाती प्रथम येणारा पदार्थ बहुधा कंटेनरमधून आलेला नसतो. तो स्टेशनरीच्या, औषधांच्या किंवा पानाच्या दुकानातून आलेला असतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणातील एक नोंद या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलांमधील प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आढळले, असा एकच प्रकार त्यात होता, तो म्हणजे हुंगण्याचे पदार्थ. १० ते १७ वयोगटात ते १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या देशभरात सुमारे ४.६ लाख असल्याचा अंदाज त्यात मांडला होता.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

विवेक, संयम आणि परिणामांचा विचार ज्या भागावर अवलंबून असतो, तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे कुमारवयात व्यसन लवकर जडते, आणि ‘पुढच्या वर्षी तुझे यकृत खराब होईल’ या उपदेशाचा उपयोगही फारसा होत नाही. वजन कमी असल्याने औषधांच्या मात्रा वेगळ्या ठरतात. प्रौढांना सरसकट दिली जाणारी काही औषधे या वयात टाळली जातात.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. या वयातील व्यसनामागे अनेकदा दुसरे दुखणे दडलेले असते. नैराश्य, अतिचंचलता, अभ्यासातील अक्षमता, घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार यांपैकी काहीही. म्हणून चांगला डॉक्टर मुलाशी काही वेळ एकट्याने बोलतो. त्या वेळी पालकांनी दाराबाहेर थांबावे आणि नंतर ‘काय सांगितले?’ असे खोदून विचारू नये. मुलाच्या जिवाला धोका असल्यास डॉक्टर ते आपणहून सांगतात.

दाखल केल्यावर काय घडते?

पहिल्या दिवशी तपासणी होते. रक्तदाब, नाडी, ताप, रक्तातील साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, गरजेनुसार हृदयाचा आलेख आणि लघवीची चाचणी. मुलींच्या बाबतीत गर्भधारणेची चाचणीही केली जाते, कारण त्यावर औषधे ठरतात. लघवीच्या चाचणीवर सर्वस्वी विसंबून चालत नाही. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश कित्येक आठवडे दिसू शकतो, तर व्हाइटनर नेहमीच्या चाचणीत सापडतच नाही.

दुसरा ते चौथा दिवस सर्वांत कठीण. परिचारिका दर काही तासांनी थरथर, घाम, नाडी, भास यांची नोंद गुणांकन करून ठेवतात आणि त्यानुसार औषध कमी-अधिक होते. मूल घरी नेण्याचा हट्ट धरते, शिव्या देते, आईच्या गळ्यात पडून रडते. अनेक पालक याच टप्प्यावर हार मानून मुलाला घरी नेतात. आणखी दोन दिवस धीर धरला असता तर चढ संपला असता.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून भूक परतते, झोप लागते. चेहऱ्यावर तुकतुकी दिसू लागते आणि घरच्यांना वाटते, सुटले! येथेच मोठी गफलत होते.

‘गर्द’च्या काळाने शिकवलेले

महाराष्ट्राने हा धडा चार दशकांपूर्वी घेतला आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, पसरली. अनिल अवचट यांनी गर्दमध्ये अडकलेल्या तरुणांविषयी लिहिले. त्याने अस्वस्थ होऊन पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याआधी १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली होती.

‘मुक्तांगण’मध्ये निवासी उपचार ३५ दिवसांचे ठेवले गेले. औषधांनी टर्की पार पडण्यास त्यातले सुरुवातीचे थोडेच दिवस लागतात. उरलेला काळ समुपदेशन, गटचर्चा, योग, श्रम आणि कुटुंबाशी तुटलेला संवाद जोडण्यासाठी असतो. व्यसनातून बाहेर पडलेलेच अनेक जण तेथे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. डिटॉक्सने शरीर मोकळे होते, पण पदार्थाविना जगायला माणूस त्यानंतर शिकतो, हे त्या अनुभवाचे सार आहे. ज्याला अजून जगण्याचीच रीत शिकायची आहे, अशा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तर हा दुसरा टप्पा अधिकच गरजेचा.

कायदा पालकांच्या बाजूने

‘केंद्र’ निवडताना पालक भांबावलेले असतात. अशा वेळी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हीच त्यांची कसोटी ठरू शकते. दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्याचे नियम त्याच्या ८७ व्या कलमात आहेत. त्यांचा सारांश असा :

- एका मनोविकारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज असल्याचे ठरवले पाहिजे. दाखल न करता उपचार शक्य असतील तर दाखल करता येत नाही.
- मुलाची व्यवस्था प्रौढ रुग्णांपासून वेगळी असली पाहिजे.
- पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती संपूर्ण काळ मुलासोबत राहिली पाहिजे. मुलीच्या बाबतीत जबाबदार पालक पुरुष असेल, तर सोबतीला स्त्री हवी.
- मुलाला दाखल केल्याची माहिती ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावी लागते. मुक्काम ३० दिवसांचा झाला तर मंडळाकडून तपासणी होते.
- पालकांनी संमती काढून घेतली तर मुलाला घरी सोडावे लागते.

याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधणे आणि एकांतात कोंडणे यांस मनाई केली आहे. ‘महिनाभर भेटायचे नाही, फोन करायचा नाही, आम्ही सरळ करतो’ असे एखादे केंद्र सांगू लागले तर पालकांनी तेथूनच परतावे. नोंदणी दाखवा, रात्री डॉक्टर कोण असतो, आकडी आली तर कोणत्या रुग्णालयात नेता, मुले कोठे झोपतात, हे चार प्रश्न विचारले की बरेचसे चित्र स्पष्ट होते.

पोलिसांच्या भीतीनेही अनेक घरे गप्प बसतात. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा किंवा सेवन करणारा व्यसनी सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत आपणहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. उलट बालकाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने येथे गुन्हेगार देणारा आहे.

लोकलच्या डब्यात आणि भिंतींवर दिसणाऱ्या ‘न सांगता दारू सोडवा’ छापाच्या जाहिरातींपासूनही सावध राहावे. जेवणात गुपचूप मिसळलेले औषध डायसल्फिरामसारखे असेल आणि मुलाने त्यावर दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून तो दगावू शकतो.

नवी मुंबईत कोठे जावे?

पहिली भेट मनोविकारतज्ज्ञांची घ्यावी. महापालिकेची वाशी, नेरूळ, ऐरोली येथे रुग्णालये आहेत. नेरूळचे डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. खाडीपलीकडे शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि भायखळ्याचे जे. जे. आहे. कुमारवयीन रुग्णासाठी स्वतंत्र खाट आहे का, हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. बहुतेक मुलांना दाखल करावेच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात नियमित येऊनही उपचार होतात.

मूल बेशुद्ध असेल, आकडी आली असेल किंवा श्वास मंदावला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याला कुशीवर वळवावे. लिंबूपाणी, मिठाचे पाणी, ताक असे काहीही पाजू नये. सापडलेली बाटली किंवा पुडी सोबत न्यावी. सल्ल्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६, ‘टेलि-मानस’ १४४१६ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

घरी परतल्यावर

डिटॉक्सनंतरचा काळ एका दृष्टीने आधीपेक्षा नाजूक असतो. विशेषतः गर्द घेणाऱ्या मुलाच्या शरीराची सहनशक्ती या आठ-दहा दिवसांत उतरलेली असते. मोह होऊन त्याने पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली, तर तीच प्राणघातक ठरू शकते. म्हणून डिटॉक्सला पुढच्या उपचारांची जोड नसेल तर धोका घटण्याऐवजी वाढतो, हे पालकांना आधीच सांगितले गेले पाहिजे.

मूल पुन्हा घसरले तर उपचार फुकट गेले असे समजू नये. दम्याचा रुग्ण पुन्हा धापा टाकू लागला म्हणून आपण त्याला खोटारडा ठरवत नाही. पुन्हा डॉक्टरांकडे नेतो. तीच रीत येथेही हवी. झोपेची वेळ, एकत्र जेवण, खेळाचे मैदान, जुन्या टोळक्यापासून अंतर आणि समुपदेशकाची ठरलेली भेट, या साध्या गोष्टी महिनोन्‌महिने पाळाव्या लागतात. दररोज खिसे तपासणाऱ्या घरात मूल खोटे बोलायलाच शिकते.

आणि शेवटी दहावीचा प्रश्न. ‘बोर्डाची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू’ असे म्हणून कित्येक घरे उपचार पुढे ढकलतात. परीक्षा जुलैमध्ये पुन्हा देता येते, वर्षही भरून निघते. व्यसनाच्या वाटेवर मात्र चार महिने हे फार मोठे अंतर असते. त्या रात्री खोलीला बाहेरून कडी लावण्यापूर्वी पालकांनी एवढेच करावे : मुलाजवळ बसावे, त्याने काय आणि केव्हा घेतले ते न रागावता विचारावे, कागदावर लिहून घ्यावे. सकाळी तो कागद आणि मूल दोघांनाही डॉक्टरांकडे न्यावे.